सातव्या नंबरचा वाफा

पहिलं बक्षीस शेवंतीच्या जहाजाला.
राणीबागेत रांग लावून लोक त्याच्यासमोर फोटो काढत होते,
मीही काढला, खोटं कशाला बोलू.

पण जीव अडकला तो सातव्या नंबरात,
शौचालयाच्या वाटेवर,
जिथे कुणी मुद्दाम थांबत नाही.
चार बाय सहाची जागा.
पाडलेल्या चाळीतली खिडकीची खरीखुरी ग्रिल,
हिरव्या रंगाखाली निळा, निळ्याखाली पुन्हा हिरवा.
तेलाच्या डब्यात ओवा,
फुटक्या बेसिनमध्ये ऑफिसटाइमची रोपं,
आणि एक नळ, वायसर गेलेला,
थेंब
थेंब
पितळी तांब्यात.
तांब्या भरला की पाणी अळूवर सांडायचं.
एवढंच डिझाइन.

मांडणारी बाई स्टुलावर डबा खात होती.
कमल शेडगे, काळाचौकी, असं पाटीवर.
म्हणाली, "परीक्षक साडेआठलाच आले हो.
ही फुलं दहाशिवाय डोळे उघडत नाहीत."
"मग दुसरं काही लावायचं."
"खिडकीत हेच होतं," ती म्हणाली,
आणि चटणीचं बोट चाटलं.

निघताना तिने एक फांदी मोडून दिली,
वर्तमानपत्राच्या ओल्या तुकड्यात.
मुळं नकोत, म्हणाली, नुसती खोच.

खोचली. लागली.
पण दहाला मी नरिमन पॉइंटला, सहाव्या मजल्यावर.
तेव्हा सासऱ्यांना फोन करते:
उघडलं का?
ते म्हणतात, थांब,
चष्मा लावतो.