दंडाची फेरी

आमचे सर, सुभेदार कोडम अंजय्या, निवृत्त,
पहाटे साडेचारला होटगी रोडला उभे असतात.
गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला,
डाव्या पायाला चारच बोटं.
पाचवं गुलमर्गला राहिलं.
म्हणतात, "ते तिथंच पेन्शन खातंय."

आम्ही सात जण, चाकांच्या स्कीवर.
चाकं अक्कलकोट रोडच्या वेल्डरनं बसवलेली, उधारीत.
डांबर कालच्या उन्हानं अजून कोमट.
ट्रकवाला काच खाली करून विचारतो,
"काय गं, बर्फ कुठाय?"

सरांनी पहिला बर्फ पाहिला तो अशोक चौकामागं,
टॉवेलच्या कारखान्यात:
वडिलांच्या भुवयांवर, डब्यातल्या भाकरीवर
सुताचा पांढरा भुसा.
वडील जॉबर. माग बिघडला की आधी हात लावायचे नाहीत,
डोळे मिटून उभे राहायचे.
"त्याला बोलू दे की," तेलुगूत म्हणायचे,
आणि चोवीस मागांच्या खडखडाटातून
एकच लंगडा ठोका
केस काढावा तसा वेगळा काढायचे.

पलटणीत कुणीतरी विचारलं, घसरता येतं का?
हे म्हणाले, येतं.
पहिला हिवाळा पडण्यात गेला.
तिसऱ्या हिवाळ्यात सैन्यात पहिले,
मग सलग सहा वर्षं देशात.
सहा पदकं शेंगाचटणीच्या डब्यात आहेत.
चटणी कुटली की वहिनी ती उशीखाली ठेवतात,
डबा रिकामा झाला की परत डब्यात.

खेळ असा:
ऊर फुटेस्तोवर जायचं,
मग आडवं पडून पन्नास मीटरवरच्या
पेढ्याएवढ्या काळ्या ठिपक्याला गोळी लावायची.
तेव्हा छातीचा कारखाना झालेला असतो.
धोटा तिकडं पोचलाय, अजून परतला नाही,
तेवढ्यात बोट दाबायचं.
चुकलं तर दीडशे मीटरची फेरी. दंड.

परदेशात सर एकदाच गेले.
दहापैकी नऊ लागल्या.
दहावी कुठं गेली विचारलं की चहा सांगतात.
आमच्यातलं कुणी चुकलं
तर त्याच्यासोबत तेही फेरी मारतात,
बंद सूतगिरणीच्या टाकीला वळसा घालून,
चपला फटफटवत.
बिंगीचा नागेश म्हणतो, ती दहावीच आहे अजून.

उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू.
डॉक्टर म्हणाले, बर्फावरचं ऊन फार पाहिलंत.
ऑपरेशन तीनदा पुढं ढकललं,
तीनदा कुणाची ना कुणाची स्पर्धा होती.

मला वाटायचं, यांना आमचं दिसतं तरी काय?
मे महिना, त्रेचाळीस डिग्री.
गिरणीच्या भिंतीला औषधाच्या बाटल्यांची झाकणं टांगलेली.
मी पाच छर्रे मारले, चार टण् वाजले.
सर पाठमोरे, तांब्यातून ताक ओतत होते.
"चौथीला श्वास अर्धाच सोडलास, शैनाज.
लागली ती नशिबानं.
पाचवीला नशीब संपलं. चल, फेरी."

फेब्रुवारीत आम्ही वर गेलो.
वर्गणी सात तिकिटांचीच जमली होती.

बर्फ पांढरा असतो हे माहीत होतं.
तो इतका गप्प असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.
चाकांची घरघर नाही, ट्रक नाही,
मी थांबले आणि घाबरले.
सरांना फोन लावला,
म्हटलं, सर, काहीच ऐकू येत नाही इथं.
म्हणाले, "फोन पायाशी धर. चाल दहा पावलं."

वाकून वाकून चालले.
पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही,
फक्त लांब कुठंतरी एक माग.
मग म्हणाले,
"डावी पट्टी घासतीय. मेण लाव.
आणि बोटं झाक.
सगळी."