मानस

चोडणला मानस म्हणजे मन नव्हे.
खाजणाच्या बांधात, नदीच्या तोंडाशी
चिऱ्यांच्या दोन खांबांमध्ये टांगलेली
लाकडाची जाड झडप, तिला म्हणतात मानस.
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं,
तेही फेरीबोट चुकली म्हणून.

त्याआधी सहा महिने, दर गुरुवारी,
पणजीत एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये
आम्ही चौदाजण डोळे मिटून बसत होतो.
श्वासाकडे बघा, असं सांगायचे.
मी बघायचे.
श्वास नव्या जावयासारखा अवघडून बसायचा
आणि कानात एक्स्चेंज सुरू व्हायचं.

एकतीस वर्षं मी ट्रंक कॉल जोडले.
हॅलो मडगाव. हॅलो बेळगाव.
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
लोकांच्या मरणाच्या बातम्या
त्यांच्या घरच्यांआधी माझ्या कानांतून गेल्या.
पिन उपटली की दिवा विझायचा, पुढचा लागायचा.
हे सगळं आत कोण ऐकतंय
हा प्रश्न कधी पडला नाही असं नाही,
पण तो कुठल्या नंबरावर लावायचा?

त्या दिवशी भाचीच्या मुलाचं बारसं होतं.
एक फेरी गेली, दुसरी बिघडली,
आणि मी पेढ्यांचा रिकामा डबा घेऊन
बांधावरून उगाच चालत सुटले.
मानशीवर कायतान बसला होता,
गुडघ्यावर जाळं, बाजूला विझवलेला कंदील,
अनवाणी एक पाय चिऱ्यावर टेकवलेला.

दार कोण उघडतं? मी विचारलं.
ऐकू गेलं नाही. ओरडून विचारलं.
'उदक,' तो म्हणाला.
भरती बाहेरून ढकलते, दार लागतं.
नदी उतरली की आतलंच पाणी
आतून रेटा देतं, दार उघडतं.
मग तू काय करतोस?
तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू मी नदीला विचारलं होतं, तू ओली का.
'हांव? हांव बसतां.'

दार नीट लागत नव्हतं. एका फटीतून
बारीक धार सारखी आत येत होती.
ती मी दाखवली. कायताननं मान हलवली.
फट हवी, म्हणाला. अगदी घट्ट बसवलं
तर लाकूड फुगून अडकतं,
मग त्याला पाण्याचं काही कळत नाही.

मी चपला काढल्या.
चिरा दिवसभराचा तापलेला, खाली थरथरत होता.
एवढंच कळत होतं. बराच वेळ एवढंच.
डास चावत होते. भाचीनं मुलाचं नाव
रेयांश का ठेवलं असेल, याचा विचार करून झाला.
पलीकडे रायबंदरचे दिवे लागले.
मग थरथर थांबली.

आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी
एका उंचीला आलं होतं.
धार थांबली.
झडप ना उघडी ना बंद,
नुसती लोंबत होती, स्वतःच्या वजनानं.
कानात एकही दिवा नव्हता.
कुणाचाच कॉल नव्हता,
आणि लाइन चालू होती.

किती वेळ, सांगता येत नाही.
तीन मिनिटं झाल्याचं कुणी सांगितलं नाही.

'वळलें,' बहिरा कायतान म्हणाला,
आणि माझ्या तळव्याला ते
त्याच्या अर्धा क्षण आधी कळलं होतं.
लाकूड कुरकुरलं. आतलं पाणी निघालं,
त्याच्याबरोबर चिखल, शेवाळ, कोलंबी,
कुणाची तरी निळी बाटली.
त्यानं जाळं सोडलं.
माझ्या पेढ्यांच्या डब्यात ओंजळभर कोलंबी घातली,
पैसे म्हटल्यावर पुन्हा बहिरा झाला.

गुरुवारी हॉलमध्ये मी मोजे काढून बसले.
शेवटी एकेकाला विचारलं, काय अनुभव आला?
कुणाला प्रकाश दिसला होता, कुणाला वडील.
माझी पाळी आली.
पाणी वळलं, मी म्हणाले.
सगळ्यांनी वर एसीकडे पाहिलं.
तो गळतच होता, खरं तर.