पांढऱ्यावर पांढरं

हेमांगिनी धैर्यवान, खार, तिसरा रस्ता.
सकाळी साडेआठला फोन :
"अहो सावे, तुमचं बटण गेलंय."

मी भांडुपात, तोंडात पेस्टचा फेस.
म्हटलं, जाऊन जाऊन जाणार कुठं, बघतो.
"काल रात्री ते काहीतरी अपडेट मागत होतं,
मी हो म्हटलं.
नाही म्हणायचं होतं का?"

पान उघडलं.
भानोल्याचा फोटो जागेवर, कोबी-कोळंबीचं, कडा खरपूस,
खाली भाव, अर्धा किलो, एक किलो,
आणि त्याखाली, 'ऑर्डर करा' असायचं तिथं
नुसती जागा.
कर्सर नेला तर त्याचा हात झाला.
म्हणजे बटण होतं.
लपंडावातल्या पोरासारखं
श्वास धरून पडद्याआड उभं.

थीम म्हणत होती, बटणावरची अक्षरं पांढरी.
तिनं धरून चाललेलं की पाठीशी आपला किरमिजी असणारच.
प्लगइन म्हणत होता, बटणाची पाठ पांढरी.
अक्षरं काय, काळीच असतात, त्याच्याकडं तरी.
दोघांचंही बरोबर.
दोघांनाही पाच-पाच तारे,
ती पोलंडात कुणी लिहिलेली, हा कोइमतूरला,
ना भेट ना ओळख,
बाईंच्या पानावर पहिल्यांदा शेजारी आली
आणि मधल्या मध्ये शब्द गेला.

एकेक प्लगइन बंद करत गेलो,
वायरमन फ्यूज काढत शॉर्ट शोधतो तसा.
गॅलरी बंद. बटण नाही.
फॉर्म बंद. नाही.
ऑर्डरवाला बंद केला
तर बटण किरमिजी होऊन हजर,
फक्त दाबून काही होत नव्हतं.

मग तपासणीची खिडकी.
तिथं हरलेल्या ओळी पुसत नाहीत,
नुसती आडवी रेघ मारून ठेवतात.
त्यात माझीही एक, मागच्या दिवाळीची :
रंग किरमिजी, आणि शेवटी ठणकावून 'इम्पॉर्टन्ट'.
तिच्यावर रेघ.
प्लगइनानंही तसंच ओरडून ठेवलेलं, माझ्यानंतर,
आणि दोघं सारखेच ओरडले की
मागून ओरडणाऱ्याचं ऐकतात.
सोसायटीच्या सभेत बसून हे कळायला हवं होतं मला.

आवाज पुरत नाही. पत्ता लागतो.
नुसतं 'बटण' म्हटलं तर ते कुणाचंही,
नुसतं 'खार' लिहून पाकीट पोचत नाही.
म्हणून लिहिलं :
दुकानाच्या पानावरच्या
पदार्थाच्या चौकटीतल्या
भावाखालच्या
त्या बटणाला.
वर एकदा इम्पॉर्टन्टही लावावं लागलं.
लाज वाटली. लावलं.

मूळ थीमला मात्र हात लावला नाही.
मागं लावला होता,
एक अपडेट आला आणि माझ्या तीन रात्री धुऊन गेला.
या खेपेला चाइल्ड थीम, अकरा ओळींची,
आईचं सगळं घेते,
एवढ्या एकाच गोष्टीत तिचं आपलं म्हणणं.

कॅश पुसली. पान पुन्हा आणलं.
'ऑर्डर करा.'
पाण्यात पडलेल्या आमसुलाच्या रंगावर
शुभ्र.

बाईंना कळवलं.
"हो, दिसतंय," म्हणाल्या.
मग बहुधा चष्मा बदलला, कारण जरा थांबून :
"पण हा तर आधीचाच रंग.
मला वाटलं, सकाळपासून बसलायत
तर काहीतरी नवीन करताय."

रात्री पावणेबाराला परत फोन.
आवाज दबका, घरात कुणी निजलेलं असावं.
"सावे, सात ऑर्डरी आल्यात उद्याच्या,
एक तर मुलुंडहून.
कोळंबी दोनच किलो आहे घरात.
ते बटण जरा लपवता येतं का हो,
सकाळी होतं तसं?"