छाट

निपाणीत हात बघून माणूस ओळखतात.
माझ्या अंगठ्याचं नख वाढलेलं, कडेला पिवळं,
बिडीचं तोंड मोडायला ते लागतंच.
हजारावर मजुरी, त्यातून छाट वजा.
चेकर सूप पुढं ओढतो, चिमटीत धरतो,
ही सैल, ही आखूड, ही फुटकी,
आणि माझ्यादेखत मोडून टाकतो.
तिचे पैसे नाहीत. पानाचे मात्र कापतात.

हमरस्त्याकडेला, टायरच्या ढिगामागं
पत्र्याची शेड, तिच्यावर उंच भगवं निशाण.
ग्यानी मोहकम सिंग दिवसभर पंक्चर काढायचे,
संध्याकाळी राखेनं ग्रीस घासून
रुमाल्याखालच्या ग्रंथापुढं बसायचे.
गावानं त्यांना ग्यानीआप्पा करून टाकलं,
त्यांनीही ते पगडीसारखं नीट बांधून घेतलं.

कार्तिकी पुनव. गुरूबाबांचा जन्मदिवस.
तवंदीच्या घाटापर्यंत ट्रक उभे
आणि चपात्या लाटायला बायका कमी पडलेल्या.
बोलावणं आलं म्हणून गेले, दाराशी थांबले.
पाटी होती, तीन लिप्यांत:
तंबाखू आत नेऊ नये.
कनवटीला पुडी नव्हती.
पण हात काय चपलांसारखे
बाहेर काढून ठेवायचे?

आप्पा तांब्या घेऊन आले.
"बा बेटी, हात पुढं कर."
एका दमात तीन मुलखांचं बोलायचे.
लिंबाची फोड दिली, पाणी घातलं, पुन्हा घातलं.
वास गेला नाही. वीस वर्षांचा होता.
"राहू दे," म्हणाले, "तो आता बाबा बघून घेतील."
नाव विचारलं.
सुगंधा, म्हटलं,
आणि दोघंही हसत सुटलो.

माझी पहिली चपाती वेडीवाकडी फुगली,
एक कोपरा लांब, एक उंदरानं खाल्ल्यासारखा.
आप्पांनी ती सगळ्यांपुढं उंच धरली.
"ही कर्नाटकात की महाराष्ट्रात?"
बायका हसल्या, कर्नालचे ड्रायव्हर न कळता हसले,
काळ्या दिवसाच्या बंदोबस्तातून नुकता सुटलेला पोलीस
तेवढा डाळीत बघत राहिला.
"खाऊन सांगतो," आप्पा म्हणाले.
सांगितलं नाही कधीच.

तेव्हापासून एकोणीस पुनवा
पहिला परशादा माझ्या हातचा, त्यांच्या ताटातला.
आम्ही बायका शेवटी बसायचो,
हाताला येईल ती चपाती, कुणाची ते कोण बघतो.

श्रावणात आप्पा गेले.
यंदा पहाटफेरी निघाली ती मल्लेशच्या मागून.
अक्कोळचं पोरगं, आप्पांकडं हवा भरायला आलेलं,
गळ्यात लिंग, डोक्याला केशरी रुमाल.
नट-बोल्ट मांडून आप्पांनी त्याला अक्षरं शिकवली होती.
बोट ठेवून, कानडी हेल काढत
तो आज ग्रंथातून वाचत होता,
अडला की कपाळ पुसत होता.
मधेच एक ओळ ओळखीची वाटली, आपल्यातलीच.
मान वर करेपर्यंत पुढं निघून गेली.

तवा तापला.
नळाखाली हात मीच धुतले, लिंबू मीच पिळलं.
पहिला परशादा टाकला,
तोच लांब कोपरा.
उंच धरायला कुणी नाही.
मी तो हातात घेऊन उभी.
"अक्का, तूच खा," मल्लेश म्हणाला,
आणि डाळीच्या पातेल्याकडं वळला.

मी उभ्याउभ्या घास मोडला.

कडू.
जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारं,
नखातलं, जर्द्याचं कडू.

एकोणीस वर्षं.
ज्याला तंबाखूचा वाराही वर्ज्य
तो माणूस मांडी घालून बसायचा,
शेवटच्या तुकड्यानं ताट पुसायचा
आणि माझ्याकडं बघून म्हणायचा,
अजून एक वाढ.