मुठीखाली

पातं आधी बघायचं नसतं.
पातं सगळेच दाखवतात, म्हणून.

ओमारूला, चुनखडीच्या घरामागच्या गॅरेजात
नोएलीन पॅस्कोने फ्रीजरवर टॉवेल अंथरला
आणि मेलेला साप ठेवावा तशी,
हात लांब करून, ती त्यावर ठेवली.
"बाबांनी बेटावर मिळवली. समोरासमोर. झाडीत.
तो खाली पडला, आणि मग."
मगच्या पुढे तिने कधी विचारलं नव्हतं.

मी चष्मा बदलला.
चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्यात एवढंच शिकलो:
गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं
आणि मागचं झाकण उघडायचं.

मुठीवर माशाचं कातडं, खरखरीत,
एका दाण्यासारखा दुसरा नाही.
फीत कळकट, पण तळवा टेकतो तेवढीच.
चकत्या आठ, आठांवरही एकच आकडा, सत्तेचाळीस.
टिमारूला गेल्या महिन्यात पाहिली
तिच्या चकत्या चार घरच्या चार,
गंज नारिंगी, बोटाला लागणारा,
व्हिनेगरचा वास अजून गेला नव्हता.
त्या माणसाला म्हणालो, छान आहे, भिंतीवर लावा.

इथे बांबूची खुंटी.
पितळी दांड्याने ठोकली, हलकेच,
एकदा, दोनदा, थांबून पुन्हा.
ऐंशी वर्षांत कुणी हात लावला नसावा.
बाहेर वायव्येचा वारा पत्र्याशी भांडत होता.
निघाली. काडीएवढी.

मूठ सरकली.
खालचं लोखंड काळं, जुन्या तव्याच्या पाठीसारखं.
अक्षरं छिन्नीची, कडांना अजून उठाव.
बाजूला कारखान्याचा शिक्का, बारीक फुलासारखा.
म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पूजलेली नव्हे;
युद्धाच्या घाईत तेलात विझवलेली,
हजारांतली एक.
पण खरी.

"खरी आहे," मी म्हणालो.
तिने मान खाली घातली.
तिला दुसरं उत्तर हवं होतं.

तेव्हा कागद दिसला.
मूठ डगमगू नये म्हणून पट्टी घालतात कधी कधी,
तशीच होती. फक्त हिच्यावर शाई.

मला जपानी येत नाही.
आकडे येतात, महिने येतात,
लोहारांची पंधरा-वीस नावं.
हे नाव त्यांतलं नव्हतं. त्याखाली एखादं गाव असावं.
आणि तारीख: शोवाचं विसावं वर्ष,
अकरावा महिना, तीन.
बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
पंचेचाळीसचा नोव्हेंबर.
ऑगस्टातच सगळं संपलं होतं.

म्हणजे एका जिवंत माणसाने
दिव्याजवळ बसून हे लिहिलं,
शाई वाळेपर्यंत थांबला,
खुंटी अंगठ्याने दाबून बसवली
आणि मग कधीतरी, रांगेत उभा राहून,
तलवार टेबलावर ठेवून घरी गेला.

"बाबा शेचाळीसला जपानला होते," नोएलीन म्हणाली.
"पहाऱ्यावर. तिथलं काही सांगायचे नाहीत.
थंडी फार होती, एवढंच."
मी काही बोललो नाही.
ढिगातून एकेक वाटल्या होत्या, हे तिलाही आता दिसत होतं.

"सत्तर वर्षं," ती म्हणाली,
"सत्तर वर्षं मी त्या माणसाला पडताना बघतेय.
आमच्या जेवणाच्या टेबलाशी. बटाटे वाढताना."
हसली. मग वडिलांना एक शिवी दिली, ठसठशीत,
उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणून.
मग फ्रीजरला टेकली,
आणि त्याची घरघर बराच वेळ आम्हा दोघांनाही ऐकू आली.

"याने किंमत उतरते का?"
वाढते, मी म्हणालो. खरं तेच होतं.
"मग नाही विकत."

मी मूठ चढवली, चकत्या क्रमाने, खुंटी.
कागद तिने आपल्याकडे ठेवला,
कुणाकडून तरी ते नाव वाचून घेणार आहे.
म्यान हातात देताना मी सांगितलं,
जपून धरा.
पट्टीशिवाय मूठ किंचित हलतेय.