धर्मकाटा

सावद्याच्या रस्त्यावर, पंपाच्या पुढे,
पत्र्याची खोली, एक खिडकी, एक टेबलफॅन,
बाहेर जमिनीत बसवलेली साठ टनांची पाटी.
इथे मी असते. सकाळी आठ ते रात्री आठ.
माझं नाव रेजिना. ड्रायव्हरांना ते जमत नाही,
ते खिडकीशी वाकून मेरीताई म्हणतात.
"कितलं भरनं वं, मेरीताई?"
मी आकडा सांगते.

आधी रिकामी गाडी, मग भरलेली.
वजाबाकी म्हणजे केळी.
अकरा वर्षं हेच गणित,
आणि दोन गाड्यांच्या मधे जपमाळ.
पाच-सहा मणी होतात न होतात तोच हॉर्न,
मग अंगठा मण्यावर तसाच दाबून
दुसऱ्या हाताने पावती फाडायची.
कितवा मणी होता ते विसरलं
तरी मी पहिल्यापासून धरत नाही.
तिला मोजायची सवय नसावी.
मोजायची नोकरी माझी आहे.

राखेच्या बुधवारी पहाटेची मिस्सा भुसावळला,
तिथून एसटीने थेट कामावर.
भागवत तायडे हमाल कपाळाकडे बघत राहिला,
"कोणत्या महाराजांचा अंगारा?"
म्हटलं, आमच्याच.
"मलाही लावा थोडा, गुडघा लई दुखतो."
मला हसू आलं, अर्ध्यावर थांबलं.
माझ्याच कपाळावरची बोटाने पुसून
मी त्याच्या गुडघ्याला लावली.
हे चालतं का, फादरांना विचारलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी त्याने घड नेहमीसारखेच उचलले,
नेहमीसारखाच कण्हत.

बायबलात एक हात येतो. नुसता हात.
राजाच्या भिंतीवर लिहितो:
तुला तोललं, तू उणा भरलास.
वर्षाआड नोव्हेंबरात ते वाचन असतं
आणि त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसते.

कारण तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये,
व्यापाऱ्याने डोळ्याने खूण केली
आणि मी चाळीस किलो कमी लिहिले.
माल ऐनपूरच्या एका बाईचा होता.
तिने पावती नीट बघितली, घडी घालून पोलक्यात ठेवली,
आणि रिकामी बाटली पुढे केली,
"थंड असलं तर द्या व माय."
मी माठातलं भरून दिलं.
तहानलेल्याला पाणी, ते पुण्य आहे,
येशूने स्वतः सांगितलंय.
त्या दिवशीच्या पानावर
ते कुठल्या बाजूला लिहिलं गेलं असेल?

पापनिवेदनाला फादर इलियास जाळीपलीकडे
बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, डुलकी लागली.
मग म्हणाले, तीन नमो मरिया म्हण.
आणि चाळीस किलो परत कर.

तीन नमो मरिया मी चर्चच्या पायरीवरच म्हटले.

त्या दिवशीचा भाव अकराशे चाळीस.
चारशे छप्पन रुपये, पाकिटात,
पाकीट दानिएलच्या पाचव्या अध्यायात.
दोनदा ऐनपूरला जाऊन आले.
नाव माहीत नाही, हिरवं लुगडं एवढंच आठवतं,
आणि हिरवं लुगडं तिथे दर तिसऱ्या दारात वाळत असतं.
एका म्हातारीने चहा पाजला, काम विचारलं.
मी म्हटलं, कुणीतरी राहिलंय.

रात्री बंद करताना मी कधी पाटीवर जाऊन उभी राहते.
साठ टनांच्या काट्याला माणूस नीट कळत नाही,
तो दहा-दहाच मोजतो.
कधी पन्नास दाखवतो, कधी साठ.
मी वाकून बघते, चप्पल काढून पुन्हा चढते.

आज ऊन शेहेचाळीसवर. दुपारी रस्ता मोकळा.
माळ काढली. चौथा मणी.
"आता" आणि "आमच्या मरणाच्या वेळी"
यांच्या बरोबर मधे हॉर्न वाजला.
बघते तर छोटा टेम्पो, मागे घड, घडांवर पाला,
आणि पाल्याच्या सावलीत कुणीतरी बाई.
"गाडी कुठली?"
"ऐनपूर."
मी अंगठा मण्यावरून उचलला
आणि पावतीपुस्तकाआधी बायबल उघडलं.