पाटकरी

फिस्पच्या कारखान्यात रात्रपाळीला
लुडविना इम्बोडेन दारं धरते.
शिवार तळहाताएवढं, काचेचं;
पाट केसाहून थोडे रुंद.
एकातून आम्ल येतं,
दुसऱ्यातून तेलकट काहीतरी,
ज्याचं नाव घ्यायला अर्धी ओळ जाईल.
पुढे दोघं एकाआड एक,
ओवलेल्या मण्यांसारखे.

हंड्यात एकदम ओतलं असतं
तर छप्पर राहिलं नसतं.
इथे ते थेंबाथेंबाने भांडतं,
आणि भांडणाची धग
काचेबाहेर पडून निवते.

तिच्या आजोबांचा पाट लाकडी होता,
कड्याला लटकलेला,
हिमनदीचं दुधाळ पाणी आणणारा.
पाण्यावर चाक, चाकाला हातोडा:
ठक्. ठक्. रात्रभर.
आमाडे आजोबा त्या आवाजात घोरायचे;
आवाज थांबला की
उठून कंदील शोधायचे.

इथे पंपाची टिकटिक.
तीन दहाला ती जड झाली.
थांबली नाही, नुसती जड.
दाबाचा आकडा चार, सहा, नऊ.
कुठल्याशा वळणावर
मिठाचा कण अडून बसलेला,
डोळ्यांना न दिसणारा.

लुडविनाने दार लावलं,
धुवायचं द्रावण सोडलं,
आणि पान्याच्या दांड्याने
पोलादी चौकटीवर हलकेच
ठक्. ठक्.
(हे नियमपुस्तकात नाही.)
आकडा उतरला.

नोंदवहीत: अडथळा, सात मिनिटं.
कारणाचा रकाना कोरा.

सकाळी बरणीत पावणेचार लिटर.
झाकण लावून ती बूट बदलायला गेली.
म्हणाली, घरी झोपच लागत नाही,
इतकं शांत असतं.